पोस्टाचीं तिकिटें : छंद कोणाचा, धंदा कोणाचा?

मी तेव्हां नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्या गांवच्या पेठेंत वह्या-पेन्सिली विकणारें एक दुकान होतें. दुकानाच्या दारांत एका सुतळीला पातळ, पारदर्शक कागदाचीं पाकिटें अडकवून ठेवलेलीं असत. एका पाकिटांत परदेशचीं पन्नास तिकिटें. किंमत आठ आणे. चार आठवडे खाऊचे पैसे सांठवून मीं तसलें एक पाकीट घेतलें, तेव्हां एखाद्या संस्थानाचा जामदारखाना हातीं आल्यासारखें मला वाटलें. अजमान, मनामा, फुजैरा, शारजा अशीं पूर्वी कधीं न ऐकलेलीं नांवें. चंद्रावर उतरणारे अंतराळवीर, उमदे घोडे, फुटबॉलचे खेळाडू, युरोपांतील थोर चित्रकारांचीं चित्रें. प्रत्येक तिकिटाच्या एका कोपऱ्यांत काळ्या शाईचा शिक्का, अगदीं मापून मारल्यासारखा.

आमच्या शाळेंतील चित्रकलेच्या मास्तरांना हा छंद होता. मीं मोठ्या ऐटींत पाकीट त्यांच्यापुढें ठेवलें. त्यांनीं एक तिकीट उलटें केलें, बोट ओलें करून त्याच्या पाठीवरून फिरविलें आणि तें बोट माझ्यापुढें धरून विचारलें, "चिकटतें आहे कीं नाहीं?" चिकटत होतें. "मग हें तिकीट पत्रावर लागलें केव्हां? आणि पत्रावर लागलेंच नाहीं, तर शिक्का कोणीं मारला?"

त्या प्रश्नाचें पुरतें उत्तर मिळायला मला पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. तें उत्तर म्हणजे एका साध्या छंदाचा सुमारें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तोच आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

जगांतील पहिलें चिकटवावयाचें तिकीट इंग्लंडांत १८४० सालच्या मे महिन्यांत निघालें, हें शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. रोलंड हिल याची योजना अशी कीं, पत्राचें हंशील पाठविणाऱ्यानें आधींच भरावें आणि तें भरल्याची खूण पत्रावर चिकटवावी. आपल्याकडे सिंध प्रांतांत १८५२ सालीं बार्टल फ्रियरच्या अमदानींत अर्ध्या आण्याचें तिकीट निघालें; हाच फ्रियर पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला. १८५४ सालच्या ऑक्टोबरपासून सर्व हिंदुस्थानासाठीं एक तिकीट झालें. सारांश, तिकीट म्हणजे सरकारनें आगाऊ घेतलेल्या पैशाची पावती. आतां, किराणा दुकानाच्या पावत्या कोणी वहींत चिकटवून शेजाऱ्याला दाखवीत बसत नाहीं. परंतु ही पावती दूरच्या मुलखांतून, कोणाच्या तरी पत्रावर बसून, ऊनपाऊस सोसून आलेली असे. तिच्यावरच्या शिक्क्यांत गांवाचें नांव असे, तारीख असे. मुलांना त्या पावतीचा लळा लागला तो यामुळें.

हा लळा लागला तेव्हां त्याला बाजार नव्हता. पॅरिसच्या सार्वजनिक बागांतून मुलें व मोठीं माणसें जमत आणि एकमेकांचीं तिकिटें पाहून अदलाबदल करीत. थट्टेनें लोक त्याला 'तिकीट-वेड' म्हणत. १८६४ सालीं जॉर्ज एर्पें या फ्रेंच गृहस्थानें ग्रीक शब्द जोडून 'फिलाटेली' असें भारदस्त नांव बनविलें. त्याचा मूळ अर्थ 'करमुक्तीची आवड' असा कांहींसा होतो; वेडाला पंडिती नांव मिळालें कीं तें शास्त्र होतें, त्याचा हा एक मासला.

व्यापारीहि पाठोपाठ आलेच. इंग्लंडांत प्लिमथ येथें बापाच्या औषधांच्या दुकानांत स्टॅन्ली गिबन्स नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा १८५६ सालीं तिकिटें विकूं लागला. १८६३ सालीं दोन खलाशी केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांनीं भरलेली एक पिशवी घेऊन त्याच्याकडे आले, आणि त्यानें ती पांच पौंडांना घेतली, ही कथा या छंदांतल्या लोकांना रामायणाइतकी पाठ असते. दोन वर्षांनीं, १८६५ मध्यें, त्यानें आपल्या मालाची दरांची यादी छापली. त्या यादीचा पुढें जाडजूड ग्रंथ झाला आणि तिकिटाच्या मोलाविषयीं वाद निघाला म्हणजे जगभर तोच ग्रंथ उघडला जाऊं लागला. येथें क्षणभर थांबून पाहावें. जो माल विकतो तोच मालाची किंमत छापतो, आणि गिऱ्हाईक तो छापील आंकडा शास्त्रार्थ म्हणून मानतें. गहूं-ज्वारीच्या बाजारांत हें कोणी चालूं दिलें नसतें.

याहूनहि मोठी करामत आल्बमनें केली. १८६२ च्या सुमारास पॅरिसमध्यें ज्युस्तँ लालिए यानें छापलेला आल्बम निघाला. त्यांत प्रत्येक देशाचें पान आणि पानावर तिकिटांसाठीं आंखलेल्या जागा. तोंवर मूल जें मिळेल तें जपून ठेवीत असे. आतां त्याच्यापुढें रिकामी चौकट आली. रिकामी चौकट मनुष्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. मीं स्वतः एका देशाच्या पानावरील एका चौकटीसाठीं कसे कसे नवस बोललों तें येथें सांगत नाहीं. पण ज्यानें ती चौकट शोधून काढली त्याला मानवी स्वभावाचें ज्ञान होतें खरें.

व्यापाऱ्यांची मी निंदा करतों आहें असें मात्र समजूं नये. व्यापारी नसता, तर केपचीं तीं त्रिकोणी तिकिटें प्लिमथच्या एखाद्या गुत्त्यांत दिवा पेटवायला गेलीं असतीं. याद्या त्यांनीं केल्या, मासिकें त्यांनीं चालविलीं, आणि खेड्यांतल्या एकाकी मुलाला दूरदेशींचें तिकीट मिळण्याची दुसरी वाटच नव्हती. पण त्याच काळांत छंदी लोकांनींहि आपलीं मंडळें काढलीं. लंडनची संस्था १८६९ मधली. हिंदुस्थानची फिलाटेलिक सोसायटी १८९७ सालीं स्थापन झाली आणि त्याच वर्षीं तिचें मासिकहि निघूं लागलें. कागद, जलचिन्ह, शाईच्या छटा, दातऱ्यांची संख्या यांचा अभ्यास करावा, बनावट माल ओळखून जाहीर करावा आणि हें ज्ञान सर्वांना द्यावें, हें या मंडळांचें काम. अभ्यास करणारे बहुतेक नोकरदार, वकील, डॉक्टर. मोबदला कांहीं नाहीं. छंदाचें घर अशा दोन खांबांवर उभें राहिलें. तिसऱ्यानें येऊन पायाच विकायला काढीपर्यंत तें बरें चाललें होतें.

हा तिसरा म्हणजे निकोलस सीबेक. जन्मानें जर्मन, वास्तव्य न्यूयॉर्कला. लहानपणापासून तिकिटांचा व्यापारी, आणि पुढें हॅमिल्टन बँक नोट कंपनी या छापखान्याचा सूत्रधार. १८८९ मध्यें तो मध्य अमेरिकेंत गेला आणि तेथील लहान प्रजासत्ताकांशीं त्यानें करार केले. होंडुरास, निकाराग्वा, एल साल्वादोर, आणि दक्षिणेकडील इक्वेडोर. कराराचा मसुदा पाहण्यासारखा आहे. कंपनी या सरकारांना पोलादी ठशांवरून छापलेलीं उत्तम तिकिटें फुकट देणार. अट एवढीच कीं, दरवर्षीं नवा संच निघावा. वर्ष संपतांच जुनीं तिकिटें रद्द व्हावींत. उरलेला सर्व सांठा कंपनीला परत मिळावा. आणि लागेल तेव्हां त्याच ठशांवरून पुन्हां छापण्याचा हक्क कंपनीकडे असावा.

सरकारांच्या दृष्टीनें हा व्यवहार वाईट कां म्हणावा? खजिन्यांत खडखडाट, छपाईचा खर्च शून्य, आणि चित्रें तर अशीं सुरेख कीं मोठ्या राष्ट्रांनीं हेवा करावा. १८९२ सालीं कोलंबसाच्या प्रवासाला चारशें वर्षें झालीं, त्या प्रसंगाचीं तिकिटें पाहिलीं म्हणजे कारागिराच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. पण व्यवहाराचें इंगित असें होतें कीं, टपालाचें काम हें निमित्तमात्र. तिकीट छापलें जाई तें लंडन-न्यूयॉर्कच्या शाळकरी पोरासाठीं. त्या देशाच्या टपालकचेरींतून त्याला उगीच एक फेरी मारून आणीत, एवढेंच.

छंदी लोक चिडले ते कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे. महाग पडलें म्हणून ते चिडले नाहींत. सीबेकचा शिल्लक माल फार स्वस्त मिळे. चीड अशी कीं, ज्या वस्तूला तुम्ही साक्षीदार समजत होतां, ती शिकवून उभी केलेली निघाली. तिकिटाचें सारें मोल तें खऱ्या पत्रावर बसून आलें यांत होतें. पुनर्मुद्रणामुळें मूळ कोणतें व मागाहूनचें कोणतें हेंहि कागदाची जाडी तपासून ठरवावें लागूं लागलें.

याच सुमारास मोठ्या राष्ट्रांनाहि या धंद्याची चव लागली. अमेरिकेचा त्या वेळचा पोस्टमास्तर-जनरल जॉन वॅनामेकर हा फिलाडेल्फियाच्या एका प्रचंड दुकानाचा मालक. १८९३ सालीं कोलंबसाच्या स्मरणार्थ त्याच्या खात्यानें १ सेंटापासून ५ डॉलरपर्यंत सोळा तिकिटें काढलीं. पूर्ण संचाची दर्शनी किंमत १६ डॉलर ३४ सेंट. पांच डॉलरांचें तिकीट लावून कोण काय पाठविणार होतें, हें वॅनामेकरच जाणे. दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखतां येतें, एवढाच त्याचा अर्थ. काँग्रेसमध्यें त्यावर ओरड झाली, पण विक्री थांबली नाहीं.

अखेर १८९५ सालीं लंडनमध्यें एक संस्था निघाली. तिचें नांव मराठींत सांगायचें तर 'सट्टेबाज तिकिटांच्या निर्मूलनाचें मंडळ'. टपालाच्या खऱ्या गरजेवांचून, केवळ संग्राहकांच्या खिशावर नजर ठेवून काढलेल्या तिकिटांचीं नांवें परिपत्रकांतून जाहीर करावींत, आणि तसलीं तिकिटें कोणी घेऊं नयेत व विकूं नयेत, असा तिचा खटाटोप. संग्राहक आणि व्यापारी दोघेहि तींत होते. कांहीं वर्षांतच मंडळ निजलें. मला वाटतें, तें निजणारच होतें. बहिष्कार पाळणारे थोडे, आणि आल्बमच्या रिकाम्या चौकटी अगणित. शिवाय कोणतें तिकीट निर्दोष, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. १८९६ मध्यें ग्रीसनें अथेन्सच्या ऑलिंपिक खेळांसाठीं बारा तिकिटांचा संच काढला आणि त्याच्या पैशाचा खेळांच्या इमारतींना हातभार लागला. ही सट्टेबाजी कीं लोककार्य?

सीबेक १८९९ सालीं वारला आणि ते करारहि त्याच सुमारास संपले. त्याचें नांव मात्र शिवीसारखें उरलें. गंमत अशी कीं, त्याच तिकिटांपैकीं जें खरोखर एखाद्या पत्रावर लागून गेलें, असा लिफाफा अभ्यासक पुढें जिवापाड शोधूं लागले.

आपण यांत अगदीं धुतल्या तांदळासारखे होतों असेंहि नाहीं. फरीदकोट संस्थानाचें टपाल इंग्रजी खात्याशीं जोडलें गेल्यावरहि त्याच्या जुन्या तिकिटांचीं नवीं छपाईं संग्राहकांसाठीं होत राहिली. आमच्या भोर संस्थानानें १८७९ सालीं अर्ध्या आण्याचीं व एक आण्याचीं ओबडधोबड हातशिक्क्याचीं तिकिटें काढलीं होतीं. तीं पाहिलीं म्हणजे निदान एवढें तरी कळतें कीं, तीं कोणाला भुरळ पाडण्यासाठीं काढलेलीं नव्हतीं.

लोकांचा आवाज वरचढ ठरल्याचें एक उदाहरणहि आहे. अमेरिकेंत फ्रँक्लिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. ते स्वतः नादी संग्राहक. त्यांचा पोस्टमास्तर-जनरल जेम्स फार्ली हा नव्या तिकिटांचे ताव, दातऱ्या पाडण्यापूर्वीं व मागें डिंक लावण्यापूर्वीं, दर्शनी किंमत स्वतः भरून घेई आणि अध्यक्षांना व इतर स्नेह्यांना भेट म्हणून देई. त्यांतला एक ताव बाहेर विक्रीला येतांच गांवोगांवच्या तिकीट-मंडळांनीं गदारोळ केला. त्यांचें म्हणणें साधें होतें : सरकारी छापखान्यांतून जें निघेल तें सर्वांना मिळावें, नाहीं तर कोणालाच मिळूं नये. खात्याला नमावें लागलें. १५ मार्च १९३५ रोजीं तसल्या वीस तिकिटांची पुन्हां छपाई करून ती दर्शनी किंमतीला खुली विकण्यांत आली. संग्राहकांनीं तिला 'फार्लीचा खुळेपणा' असें नांव दिलें.

तेरा वर्षांनीं आपल्याकडे काय झालें तें ताडून पाहावें. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं स्वतंत्र भारतानें गांधीजींच्या स्मरणार्थ चार तिकिटें काढलीं : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. नाशिकला आपला स्वतःचा छापखाना असतांना हीं स्वदेशीच्या उद्गात्याचीं तिकिटें स्वित्झर्लंडांत छापलीं गेलीं. चहूंपैकीं दहा रुपयांचें तिकीट शाळामास्तराच्या आवांक्याबाहेरचें. त्यांतच गव्हर्नर-जनरलांच्या कचेरीसाठीं 'सर्व्हिस' अशी अक्षरें उमटविलेले अवघे शंभर संच झाले. २०१७ सालीं त्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी पांच लाख पौंडांना विकली गेली. पंचा नेसणाऱ्या महात्म्याचें चित्र जगांतल्या मोजक्या धनिकांच्या तिजोरींत जाऊन बसलें, आणि फार्लीविरुद्ध उठली तसली ओरड आपल्याकडे उठल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

आतां माझ्या पाकिटाकडे येतों. इराणी आखाताच्या कांठचीं लहान अमीराती संस्थानें १९६३-६४ पासून स्वतःचीं तिकिटें काढूं लागलीं. तेल सर्वांच्याच नशिबीं नव्हतें. परदेशी दलाल मात्र सर्वांच्याच दारीं आले. फिनबार केनी या अमेरिकन व्यापाऱ्यानें अजमानशीं करार केला. पाहतां पाहतां संच इतके निघूं लागले कीं मोजणाऱ्यांनीं हात टेकले. अजमानच्या ताब्यांतली मनामा ही डोंगराकडची एक लहानशी वस्ती. तिच्या नांवानेंहि १९६६ पासून तिकिटांचा पूर आला. तावच्या ताव छापायचे, छापतांनाच त्यांवर शिक्का उमटवायचा आणि पाकिटें भरून जगांतल्या पोरांना विकायचीं. डिंक जागच्या जागीं होता तो यामुळें. १९७१ च्या डिसेंबरांत हीं संस्थानें एक झालीं आणि पुढच्या वर्षांत हा प्रकार बंद पडला. गिबन्सच्या ग्रंथांत यांतील बहुतेकांना चित्राचाहि मान नाहीं. परिशिष्टांत नुसती नोंद.

याच केनीचें पुढचें प्रकरण तर राज्यक्रांतीचें आहे. पॅसिफिक महासागरांतील कुक बेटांचा तिकिटांचा व्यापार त्याच्याकडे होता. १९७८ सालच्या निवडणुकींत तेथील पंतप्रधान आल्बर्ट हेन्री यांनीं न्यूझीलंडांत राहणारे आपले मतदार विमानांनीं आणले, आणि त्या विमानांचे पैसे तिकिटांच्या व्यवहारांतून, केनीकडून आगाऊ घेतले. न्यायालयानें ती निवडणूक फिरविली. हेन्री यांचें सरकार गेलें, पुढें त्यांची 'सर' ही पदवीहि गेली. केनीच्या कंपनीला १९७९ मध्यें अमेरिकेंत गुन्हा कबूल करून दंड भरावा लागला. आल्बममधल्या चौकटी भरणाऱ्या मुलांच्या पैशानें एका देशाचें मंत्रिमंडळ निवडून आलें आणि पडलें, ही गोष्ट त्या मुलांना कोणीं सांगितली असेल?

जागतिक टपाल संघानें आणि तिकीट-व्यवसायाच्या संघटनांनीं मिळून २००२ सालीं खऱ्याखुऱ्या टपालखात्यांच्या तिकिटांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. तिनें नांवाचा गैरवापर कांहींसा उघड होतो. पण खात्यानेंच दुकान मांडलें तर क्रमांक काय करणार? आपल्या खात्यानें २००६ सालीं चंदनाच्या वासाचें तिकीट काढलें. तें मींहि घेतलें. लिफाफ्यावर लावायला नव्हे, हुंगायला.

अगदीं शेवटची पायरी स्पेनमध्यें गांठली गेली. तेथें दोन मोठ्या कंपन्या लोकांना तिकिटें विकत, ठराविक काळानें तीं वाढीव भावानें परत घेण्याचें वचन देत, आणि तिकिटें बहुधा स्वतःच्याच तळघरांत ठेवीत. ९ मे २००६ रोजीं पोलिसांनीं धाड घातली आणि तिकिटांची खरी किंमत फारच थोडी असल्याचें उघड झालें. चार लाखांहून अधिक कुटुंबांची पुंजी अडकली. त्यांतील बहुतेकांनीं आपलें तिकीट डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें.

परक्यांचे दोष सांगून झाले. आतां एक माझा सांगतों. मी शिक्षक झाल्यावर शाळेंत तिकीट-मंडळ काढलें. शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलें जमत. नियम एकच : पैसा आणायचा नाहीं, अदलाबदल करायची. मुलांचा बाजारभावहि मुलांनींच ठरविलेला. कुणाच्या काकांच्या पत्रावरचें कुवेतचें फाटकें तिकीट आलें, तर त्याच्या बदल्यांत चकचकीत नव्या कोऱ्या दहा तिकिटांना नकार मिळे. त्यांना ड्रॉइंगच्या मास्तरांची बोट ओलें करण्याची युक्ति मीं शिकविली होती.

एका वर्षीं शहरांतील एक व्यापारी शाळेंत आला. त्यानें मुलांसाठीं तिकिटांच्या छोट्या वह्या ठेवून जाण्याची तयारी दाखविली. हवीं तीं घ्यावींत, पैसे मागाहून द्यावेत किंवा मोबदल्यांत जुनीं तिकिटें द्यावींत. मंडळ वाढेल, या हौसेनें मीं होकार दिला. दोन महिन्यांनीं एक आई शाळेंत आली. तिच्या मुलाच्या आजोबांजवळ त्यांच्या थोरल्या भावानें १९४८ अखेर पाठविलेला जमिनीच्या कागदांचा एक जाड लिफाफा होता. त्यावरचें गांधीजींचें बारा आण्यांचें तिकीट मुलानें पाण्यानें सोडवून व्यापाऱ्याला दिलें होतें आणि फुलपांखरांचा एक संच घेतला होता. मी व्यापाऱ्याकडे गेलों. त्यानें ग्रंथ उघडून दोन्ही बाजूंचे भाव मला दाखविले. हिशेब चोख होता. तिकीट आधींच पुढें विकलें गेलें होतें.

आजोबा मला रागें भरले नाहींत. पुढें मुलगा शाळा सोडून गेला तेव्हां तो लिफाफा मला देऊन गेला. तो माझ्या आल्बमच्या शेवटच्या पानांत आहे. कागद सगळा पिवळा पडला आहे. उजव्या कोपऱ्यांत तिकिटाएवढी चौकट तेवढी पांढरी आहे, आणि शिक्क्याचें अर्धें वर्तुळ तिच्या कांठाशीं येऊन थांबलें आहे.